वाइन औषध आहे का? द्राक्षावरच्या यीस्टचे उत्तर

"डॉक्टर, रोज एक ग्लास वाइन हृदयाला चांगली ना? द्राक्षाचीच तर असते!" हा प्रश्न तुमच्याही मनात असेल, तर आधी द्राक्षाचा एक घड नीट बघा.

मण्यांवर पांढुरकी झाक दिसते. ती बहुधा द्राक्षाच्या स्वतःच्या मेणाची असते. दिसला पांढरा थर की फवारणीच, असे नव्हे. तरी द्राक्षे वाहत्या पाण्याखाली धुऊनच खा. याच सालीवर जंगली यीस्ट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय बुरशी, राहते. तिच्या अनेक जाती आहेत. वाइन बनवणारी मुख्य जात, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, शाबूत मण्यांवर क्वचितच सापडते. मणी तडकला की मात्र गांधीलमाश्या रस प्यायला येतात आणि हे यीस्ट सोबत आणतात. त्यांच्या पोटात ते हिवाळाभर जिवंत राहते, हे इटलीतील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले.

तडकलेल्या मण्यातल्या गोड रसावर अनेक सूक्ष्मजीव टपलेले असतात. हवा असताना साखर पूर्ण जाळली तर ऊर्जा जास्त मिळते. पण सॅकरोमायसिस भरपूर साखर दिसताच, हवा असूनही, तिचे अल्कोहोल करते. ऊर्जा कमी मिळते. पण अल्कोहोलमुळे बाकीचे जंतू मरतात किंवा मागे पडतात. साखर संपली की ते तेच अल्कोहोल खाते. ही युक्ती कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीतून आली आहे.

थोडक्यात, अल्कोहोल हे यीस्टने प्रतिस्पर्ध्यांना मारण्यासाठी वापरलेले विष आहे. ते द्राक्षात तयार झाले काय किंवा धान्यात, रेणू तोच. १५० मिली वाइन आणि ४५ मिली व्हिस्की, दोन्हींत साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल असते. तुमचे यकृत त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड करते आणि ते पेशींतल्या डीएनएला इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवले. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

मग 'थोडी वाइन हृदयाला बरी' हे आले कुठून? जुन्या अनेक अभ्यासांत 'न पिणाऱ्यां'मध्ये आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले होते. त्यांच्या तुलनेत थोडी पिणारे साहजिकच धडधाकट दिसले.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने मोठ्या दुकानांत वाइनविक्रीचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असेही ऐकू आले. आपल्याच जिल्ह्यातल्या अण्णा हजारेंनी त्याला विरोध केला. वाइनमुळे द्राक्षाला भाव मिळेल, हा मुद्दा मला खोटा वाटत नाही. २०१७ चा शेतकरी संप ज्या पुणतांब्यातून सुरू झाला, तिथे भावाचे मोल सांगायला नको. पण त्यासाठी वाइनला टॉनिक म्हणणे ही रुग्णांची फसवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पीत नसाल तर हृदयासाठी सुरू करू नका. पीत असाल तर कमी करा. मात्र रोजची सवय असेल तर एकदम न सोडता डॉक्टरांशी बोला. यकृताचा आजार किंवा गर्भारपण असेल, तर एक घोटही नको. मधुमेहाची किंवा झोपेची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना पिण्याबद्दल खरे सांगा. आणि द्राक्षाचा फायदा हवा असेल, तर द्राक्षेच खा.