जुन्या गाडीतला अनोळखी डबा: कात्री लावण्याआधी एवढं वाचा

हौसेने जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर घेतली. बॉनेट उघडलं, तर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये कुठेच नसलेला एक काळा चौकोनी डबा दिसतो. त्यातून चार वायरी निघतात आणि त्यातल्या दोन डॅशबोर्डमागे गायब होतात. हे काय आहे? आणि काढून टाकलं तर चालेल का?

बहुतेक मालक दोनच गोष्टी करतात. एक तर घाबरून हातच लावत नाहीत, नाहीतर 'ओरिजिनल नाही ना, मग काढून टाक' म्हणून मोकळे होतात. माझ्या मते दोन्ही चूक. काम कळेपर्यंत कात्री लावायची नाही, आणि काम कळल्यावर केवळ नंतर बसवलंय म्हणून फेकायचंही नाही.

हे भाग येतात कुठून?

चाळीस-पन्नास वर्षांत गाडीचे अनेक मालक होतात. कोणी डायनामो काढून ऑल्टरनेटर बसवतो, पण जुन्या कटआउटचा डबा तसाच राहतो, कारण त्याचे स्क्रू वायरी जोडायला सोयीचे असतात. कोणी जादा हॉर्न लावतो, कोणी फॉग लॅम्प, तर कोणी चोरीच्या भीतीने सीटखाली चोर स्विच. काम करणारा इलेक्ट्रिशियन सगळं डोक्यात ठेवतो, कागदावर काहीच उतरवत नाही. पुढच्या मालकासाठी ते कोडं होतं.

डब्यावरचे आकडे वाचा

चौकोनी डबा बहुतेक वेळा रिले असतो. म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पिनांजवळ बारीक आकडे असतात. ही जर्मन मानकातली पद्धत जगभर चालते. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारा पुरवठा, ८७ म्हणजे दिव्याकडे किंवा हॉर्नकडे जाणारी वायर, ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोकं. ८७ए दिसलं तर रिले बंद असताना जोडलेलं राहणारं टोक समजा. आणि ४९, ४९ए असेल तर तो इंडिकेटरचा फ्लॅशर आहे.

आकडे पुसले असतील तर वायरीचा माग काढा. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा. मग मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेवून वायरीचं दुसरं टोक शोधा. वायरीच्या रंगावर मात्र पूर्ण भरवसा नको. ब्रिटिश पद्धतीत काळी वायर अर्थची, जर्मन पद्धतीत तपकिरी. नंतर काम करणाऱ्याने तर हाताशी होती ती वायर वापरलेली असते. सापडलेल्या प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावा आणि फोनवर फोटो काढा.

काढलं तर काय होईल?

हिशेब सोपा आहे. ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टने भागलं की सुमारे ९ अँपिअर. १०० वॅटचे बल्ब असतील तर आकडा १६ च्या पुढे जातो. मधे रिले असेल तर डॅशबोर्डच्या स्विचवर अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी भार येतो. तोच 'बिनकामाचा' रिले काढून वायरी थेट जोडल्या, की सगळा भार पन्नास वर्षांच्या स्विचवर. स्विच तापतो, प्लॅस्टिक वितळतं.

उलटही खरं आहे. नंतर टाकलेल्या वायरीला बॅटरीजवळ फ्यूज नसेल तर तो भाग कितीही उपयोगी असला तरी धोकादायक. घासून उघडी पडलेली वायर बॉडीला टेकली, की बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर ढकलू शकते. म्हणून पहिली दुरुस्ती फ्यूजची. गाडी बंद असताना बॅटरी उतरत असेल तर तेही तपासा. केवळ १ अँपिअर गळती ४० अँपिअर-अवरची बॅटरी दोन दिवसांत रिकामी करते.

मग 'ओरिजिनल'चं काय?

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली बिगरव्यावसायिक गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला चालत नाही. या यादीत हेडलाइटचा रिले नाही. त्यामुळे 'ओरिजिनल'च्या नावाखाली सुरक्षितता काढून टाकण्याची घाई कशाला?

पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. तिच्या वायरिंगमध्ये हात घालून मोठे झालेले कारागीरही आता थोडेच उरलेत. तुमच्या ओळखीचे असतील तर त्यांना एकदा गाडी दाखवा आणि ते सांगतील ते लिहून घ्या. कोणती वायर कुठून कुठे जाते, फ्यूज किती अँपिअरचा, भाग कधी बसवला, एवढंच. तो कागद ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. पुढे ही गाडी जो घेईल, त्याच्या हातात कात्रीऐवजी तो कागद पडू दे.