सातबारा बघता, आठ-अ बघता, मग जावयाचा व्हिसा का बघत नाही?



पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात लग्नाची लेक आहे आणि "फॉरेनचं स्थळ" आलंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी आपल्या पै-पाहुण्यांत पाठवा.

गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न मला चार-पाच जणांनी विचारला. "लग्न झालंय, जावई अमेरिकेत आहे, पोरीला लवकरात लवकर पाठवायचा रस्ता कोणता?" कुणी एसटी स्टँडवर चहा पिताना विचारतं, कुणी रात्री अकराला फोन करतं. माझं उत्तर ऐकून कुणालाच बरं वाटत नाही. कारण उत्तर असं आहे: लवकरचा रस्ता लग्नाच्या आधी निवडायचा असतो. लग्नानंतर उरते ती फक्त रांग.

आपण स्थळ कसं बघतो ते आठवा. मुलगा मसूर, चरेगाव, तारळ्याचा असला तर सातबारा बघतो, आठ-अ बघतो. विहिरीत भाऊबंदांचा हिस्सा किती, पाणी बारमाही आहे का, सोसायटीचं कर्ज किती, सगळं काढतो. मामा लोक त्या गावात जाऊन टपरीवर तासभर बसून मुलाची कुंडली घेऊन येतात. आणि तोच मुलगा न्यू जर्सीचा निघाला की सगळ्यांची वाचा बसते. "पोरगा अमेरिकेत हाय, आजून काय पायजे?" संपली चौकशी!

अहो, अमेरिकेत हाय म्हणजे कशावर हाय? एच-वन-बी व्हिसावर? ग्रीन कार्डावर? का तिथला नागरिक झालाय? जिरायत, बागायत आणि गायरान यांत जेवढा फरक, तेवढा फरक या तिघांत आहे. आणि तो भोगायचाय तुमच्या पोरीला.

नीट समजून घ्या.

मुलगा अमेरिकेचा नागरिक असेल, तर तो बायकोसाठी आय-१३० नावाचा अर्ज भरतो. नागरिकाच्या बायकोला वार्षिक कोटा नाही. अर्ज मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, फी आणि कागद जमा होतात, वैद्यकीय तपासणी होते आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. साधारण वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त. पण गाडी हलत राहते.

मुलगा ग्रीन कार्डवाला असेल, तर अर्ज तोच, आय-१३०. पण बायको पडते एफ-टू-ए नावाच्या वर्गात, आणि त्या वर्गाला दरवर्षीचा कोटा आहे. अर्ज मंजूर होऊनसुद्धा नंबर यायची वाट बघायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही रांग नोव्हेंबर २०२१ वर उभी होती. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. ही रांग पुढे सरकते, कधी थांबते, कधी मागंसुद्धा जाते. २०१९ च्या जुलैपासून २०२३ च्या मार्चपर्यंत या वर्गाला रांगच नव्हती, एप्रिल २०२३ मध्ये ती परत लागली. कुणाचं लग्न कोणत्या साली झालं, हे नशिबावर.

मुलगा एच-वन-बीवर असेल, तर बायकोला एच-फोर नावाचा अवलंबितांचा व्हिसा मिळतो. कोट्याची भानगड नाही, बहुतेक वेळा काही महिन्यांत काम होतं.

आता यातली गंमत बघा. नुसत्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची बायको काही महिन्यांत नवऱ्याजवळ, आणि ग्रीन कार्ड मिळवून पक्का झालेल्याची बायको तीन वर्षं माहेरी. ग्रीन कार्ड आलं म्हणून आपण ज्या दिवशी पेढे वाटतो, त्याच दिवशी पोरीची रांग सुरू होते. हे कुणी सांगितलंय का तुम्हाला बैठकीत?

मलाही कुणी सांगितलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

माझ्या एका भाचीचं सांगतो. मुलगा एच-वन-बीवर, ग्रीन कार्डाचा अर्ज शेवटच्या टप्प्यात. दिवाळीत आला, साखरपुडा झाला. बैठकीत तो मुलगा हळूच म्हणाला, "वकील म्हणतायत की कार्ड यायच्या आधी लग्न होऊन नोंद झाली पाहिजे. आता साध्या पद्धतीनं लग्न लावू, मोठा कार्यक्रम वैशाखात करू." बरोबर बोलत होता तो. कार्ड यायच्या आधी लग्न झालेलं असलं की बायको त्याच अर्जाच्या मागून, त्याच तारखेवर जाऊ शकते. कार्ड आल्यानंतर लग्न झालं की तो दरवाजा बंद, सरळ एफ-टू-एच्या रांगेत.

त्यावर आमच्यातले थोरले काय म्हणाले? "दोन-दोनदा लग्न? लोक काय म्हणतील? पोरगी काय पळून चाललीय?" हॉल मोठाच हवा होता, भावकी सगळी यायची होती. त्या बैठकीत मीही होतो. मला अर्धं-मुर्धं कळत होतं, तरी गप्प बसलो. थोरल्यांपुढं कोण बोलणार?

माघात कार्ड आलं. पेढे वाटले. वैशाखात दणक्यात लग्न झालं, हजारभर पान उठलं. मुलगा तीन आठवड्यांनी परत गेला. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. पोरगी अजून इथंच आहे. परवा मला म्हणाली, "मामा, बाजारात गेलं की प्रत्येक जण विचारतं, नांदायला कधी जाणार? मी काय सांगू त्यांना? तुमच्या हॉलची तारीख मिळत नव्हती म्हणून?"

मला उत्तर देता आलं नाही. ही पोस्ट त्यासाठी आहे.

आता एजंटांकडे वळू. रांग लागली की हे लोक हजर होतात. त्यांच्याकडे प्रत्येकाकडे "फास्ट" रस्ता असतो. एकेक बघू.

पहिला फास्ट रस्ता: "टुरिस्ट व्हिसावर पाठवा, तिकडं गेल्यावर बघू." टुरिस्ट व्हिसाच्या खिडकीवरचा अधिकारी हे गृहीत धरूनच बसलेला असतो की समोरचा माणूस परत येणार नाही, परत येणार हे सिद्ध करायचं काम आपलं. नवरा तिकडं, आय-१३० भरलेला, मग कसं सिद्ध करणार? आणि नवरा आहे हेच लपवलं, तर तो खोटेपणा. खोटं सांगून व्हिसा मागितल्याचा ठपका बसला की अमेरिकेचा दरवाजा आयुष्यभरासाठी बंद होऊ शकतो. तीन वर्षं वाचवायला गेलात आणि जन्म घालवलात.

दुसरा: "फियान्से व्हिसा, के-वन." हा फक्त नागरिकाच्या वाग्दत्त वधूला. ग्रीन कार्डवाल्याला नाही. दोघं गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेटलेली हवीत, तिकडं पोचल्यावर ९० दिवसांत लग्न करायला हवं, आणि ग्रीन कार्डाचा अर्ज परत वेगळा. एप्रिल २०२४ पासूनच्या दरानं के-वनच्या वाटेची सरकारी फी सगळी धरून सुमारे २३८० डॉलर होते. लग्न करून बायको म्हणून गेलं तर सुमारे १३०० ते १३५५. शिवाय आपला साखरपुडा म्हणजे हार, अंतरपाट सोडून बाकी सगळं लग्नच. ते फोटो बघून अधिकारी विचारतो, "हे लग्न झालेलंच दिसतंय." आणि एजंट काय सांगतो? "लग्न उरका, पण नोंद करू नका, के-वन भरू." म्हणजे परत खोटं.

तिसरा: "के-थ्री." कागदावर आहे, व्यवहारात जवळपास मेलेला. आय-१३० आधी मंजूर झाला की के-थ्रीची फाइल बंद होते, आणि बहुतेक वेळा तसंच होतं.

चौथा: "प्रीमियम भरा, पंधरा दिवसांत काम." नोकरीच्या काही अर्जांना प्रीमियम आहे. आय-१३० ला नाही. नाही म्हणजे नाही. ज्यानं यासाठी पैसे मागितले, त्यानं तुम्हाला फसवलं.

काही जण म्हणतील, "मग नवरा-बायकोनं वर्षानुवर्षं लांब राहायचं? हा कुठला न्याय?" खरं आहे. कायदा निष्ठुर आहे, आणि तो आपण उंब्रजच्या चौकातून बदलू शकत नाही. पण आपल्या हातात जे आहे ते तरी आपण करतो का?

आपल्या पालच्या खंडोबाचं म्हाळसेशी दरवर्षी पौषात लग्न लागतं. तारळीकाठी लाखो माणूस भंडाऱ्यानं पिवळं होतं. देवाचं लग्न दरवर्षी लावायला आपल्याला जमतं, आणि पोरीचं एकदाच लागलेलं लग्न ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात घालायला जमत नाही! महाराष्ट्राचा १९९८ चा विवाह नोंदणी कायदा ९० दिवसांत नोंद करा म्हणतो. आपण सहा महिन्यांनी उठतो, मग पळापळ. तोवर आय-१३० भरता येत नाही. हे सहा महिने अमेरिकेनं खाल्ले नाहीत, आपण खाल्ले.

दुसरं, नाव. लग्नात तांदळात अंगठीनं पोरीचं नाव बदलायची हौस. दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, लग्नपत्रिकेत तिसरं, नोंदीत चौथं. मग प्रतिज्ञापत्रं, राजपत्र, पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसच्या चकरा. पोरीचं नाव आहे तेच ठेवा. तिचंच आहे ते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. लवकरचा रस्ता म्हणजे चांगला रस्ता, असं नाही. एच-फोरवर पोरगी लवकर जाते, पण तिचं तिथलं राहणं नवऱ्याच्या नोकरीला बांधलेलं. नोकरी गेली, संसार मोडला, तर तिच्या पायाखालची जमीन गेली. कामाची परवानगीसुद्धा २०१५ पासून मिळते ती नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठराविक टप्प्यावर पोचला असेल तरच. उलट बायको म्हणून इमिग्रंट व्हिसावर उशिरा गेलेल्या पोरीला पोचल्यापासून स्वतःचं कार्ड, स्वतःचा कामाचा हक्क. लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ते कार्ड दोन वर्षांचं, अटीवरचं असतं. पण छळ झाला किंवा घटस्फोट झाला तरी अट काढायचा अर्ज ती एकटी करू शकते. शिवाय तिच्यासाठी नवऱ्यानं आय-८६४ वर सही केलेली असते, की हिला गरिबी रेषेच्या सव्वापटीइतका आधार देईन. घटस्फोटानंही ती जबाबदारी संपत नाही. किती बापांनी हा कागद डोळ्यांनी बघितलाय?

सरकारकडूनही फार आशा धरू नका. परदेशस्थ भारतीयांच्या लग्नाची ३० दिवसांत सक्तीनं नोंद करायचं विधेयक २०१९ च्या फेब्रुवारीत राज्यसभेत आलं आणि पडून राहिलं. पाच वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत विधी आयोगाला आपल्या २८७ व्या अहवालात पुन्हा सांगावं लागलं, की कडक कायदा करा. तोवर बापानं, मामानं आणि स्वतः पोरीनं डोळे उघडे ठेवायचे.

म्हणून बैठकीत हे पाच प्रश्न विचारा. मोठ्यानं विचारा.

१. मुलगा कोणत्या व्हिसावर आहे? कागद दाखवा.
२. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल तर कोणत्या टप्प्यावर? कार्ड आधी येणार की लग्न आधी होणार?
३. कार्ड असेल तर किती वर्षं झाली? साधारण पाच वर्षांनी नागरिक होता येतं, आणि तो नागरिक झाला की आधी भरलेला अर्ज रांगेतून बाहेर निघतो.
४. गेल्या वर्षीचं कराचं विवरणपत्र दाखवा. लाजू नका, अमेरिकन सरकार तेच मागणार आहे.
५. आधीचं लग्न झालंय का? घटस्फोटाचा हुकूम कुठं आहे?

या प्रश्नांनी ज्या पाहुण्यांचा अपमान होतो, ते पाहुणे उठून गेले तर जाऊ द्या. सातबारा मागितल्यावर ज्याला राग येतो, त्याच्या जमिनीत काहीतरी गडबड असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि थोरल्या मंडळींना हात जोडून एक विनंती. पोरगा किंवा पोरगी बैठकीत काही सांगत असेल, तर "लोक काय म्हणतील" म्हणायच्या आधी दोन मिनिटं ऐका. लोक जेवून गेले. वाट बघत बसलीय ती आपली पोरगी.