पोटाला चिमटा की पोटाला टाका?

शुक्रवारी ऑफिसातून तशीच पळत सुटले आणि नगरची शिवाई पकडली. एकच सीट रिकामी होती. खिडकीशी बसलेल्या काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सीटकडे पाहिलं आणि पदर गोळा करून खिडकीला चिकटल्या. मी काय म्हणाले असेन? "सॉरी हं काकू." तिकीट मी पूर्ण काढलंय, सीट माझी आहे, आणि सॉरीही मीच म्हणतेय!

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला याच नगर-पुणे मार्गावर धावली. पहिली इलेक्ट्रिक शिवाईही २०२२ साली त्याच तारखेला, याच मार्गावर. म्हणजे एवढी वर्षं या रस्त्यावर माणसं एकमेकांना बिनधास्त "जरा सरका" म्हणत आलीत. माझ्या तोंडून मात्र तेवढं निघत नाही.

पर्समध्ये दोन कागद होते. एक ब्लड रिपोर्ट आणि दुसरा वजन कमी करण्याच्या ऑपरेशनच्या खर्चाचा अंदाज. आकडा साडेतीन लाख.

तर मंडळी, हिशेब असा. वय ३१, उंची १६० सेंटिमीटर, वजन ९६ किलो. बीएमआय ३७.५. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ६.३. ६.५ झाली की त्याला डायबेटिस म्हणतात. आई गेली बारा वर्षं डायबेटिसच्या गोळ्या खातेय, त्यामुळे ६.३ आणि ६.५ मधलं अंतर किती बारीक असतं ते मला कुणी समजावून सांगायला नको. डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही ऑपरेशनच्या निकषात बसता. करायलाच हवं असं नाही. घरी बोला."

घरी बोला! यांनी आमचं घर पाहिलेलं नाही.

कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय. आणि नगर जिल्हा म्हणजे साखरेचा. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना आमच्या प्रवरानगरचा, १९५० साली सुरू झालेला. अण्णांची अख्खी नोकरी एका कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. आमच्याकडे चहात साखर कमी पडली तर पाहुण्याला वाटतं, यांचं काहीतरी बिनसलंय.

रात्री जेवताना विषय काढला. ताटात बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचे शेंगोळे. आई भाकरी थापता थापता थांबली. "चांगलं ठणठणीत पोट, ते कापून घ्यायचं? जरा तोंडाला कुलूप लाव की!" आत्याने लगेच फोनवरून मत दिलं, "दीक्षित कर." वहिनी म्हणाली, "नाही हो आत्या, दिवेकर."

आठवतंय ना? २०१८ च्या सुमारास मराठी घरांत यावरून पानिपत झालं होतं. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात, दिवसातून दोनदाच जेवा, तेही ५५ मिनिटांत, आणि मधे काही नाही. ऋजुता दिवेकर म्हणतात, थोडं थोडं खा, घरचं खा, तूप खा. मी दोन्ही केलं. प्रॉब्लेम असा, की एकाच दिवशी केलं! दोन जेवणं दीक्षितांची आणि मधली सगळी खाणी दिवेकरांची. यात त्या दोघांचा काय दोष?

नंतर एकदा मात्र सिरियसली केलं. आठ महिने वह्या लिहिल्या, वजन-मापं केली. लग्नात बुंदीच्या पंगतीला पाठ फिरवली. ११ किलो कमी झाले. ऑफिसात टाळ्या, नवे कुर्ते, नवा डीपी. दीड वर्षात १३ परत आले. कुर्ते अजून कपाटात आहेत, टाळ्या वाजवणारे मात्र आता माझ्याकडे बघून 'काळजी घे गं' म्हणतात.

मला वाटायचं, आपल्यातच दम नाही. मग एक अभ्यास वाचनात आला. अमेरिकेत वजन घटवण्याचा एक गाजलेला टीव्ही शो होता. त्यातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, आणि त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे आपण पोटाला चिमटा काढतो तेव्हा शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. ते खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं. दुष्काळ म्हणजे काय, हे नगर जिल्ह्याला नव्याने सांगायला नको!

मग टाकाच बरा का? थांबा. या ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात ते आधी बघू. आजकाल जास्त होणाऱ्या 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून कायमचा काढून टाकतात. उरते केळ्यासारखी निमुळती नळी. नुसती जागाच कमी होत नाही, भूक पेटवणारं एक हार्मोनही घटतं. 'बायपास' मध्ये छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्ही दुर्बिणीतून होतात, बाहेर छोटी छोटी भोकंच दिसतात. पण आत जोडलेली किंवा शिवलेली जागा गळण्याचा, रक्तस्रावाचा, गुठळीचा धोका असतो. तो कमी असतो, शून्य नसतो.

आमच्या घरात पुरावे टीव्हीवरचे. काका म्हणाले, "गडकरींनी २०११ सालीच करून घेतलं, बघ कसे फिरतात!" आईने तत्काळ इमान अहमदचं नाव काढलं. इजिप्तची ती मुलगी, सुमारे ५०० किलो वजनाची. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिला मुंबईत आणलं, मार्चमध्ये ऑपरेशन झालं, मग ती अबूधाबीला गेली आणि सप्टेंबरमध्ये तिथेच वारली. पण तिचे आजार आणि तिचं आयुष्य माझ्यापेक्षा फार वेगळं होतं. एक मंत्री आणि एक इमान, यांच्या मधे कुठेतरी आपण सगळे बसतो.

म्हणून मी मोठ्या आकड्यांकडे वळले. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला एक अभ्यास आहे. एका गटाने ऑपरेशन केलं, दुसऱ्याने नेहमीचे उपचार घेतले. दहा वर्षांनी बायपासवाल्यांचं वजन मूळच्या सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतं. दुसऱ्या गटाचं जिथल्या तिथे, दोन टक्के इकडे-तिकडे. पुढे ऑपरेशनवाल्यांत मृत्यूचं प्रमाणही कमी दिसलं. म्हणजे 'ऑपरेशन म्हणजे आळशी माणसाचा शॉर्टकट' हे म्हणणं साफ खोटं आहे.

आणि शॉर्टकट कसला? नंतरचं वेळापत्रक ऐका. आधी काही दिवस फक्त पातळ, मग पेजेसारखं, मग मऊ, मग घास घास चावून. जेवताना पाणी नाही. आधी प्रोटीन, नंतर बाकीचं. आपण शाकाहारी असू तर त्यासाठी वेगळी कसरत. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन आणि रक्ताच्या तपासण्या आयुष्यभर. मूल हवं असेल तर साधारण बारा ते अठरा महिने थांबायचं. हे ऐकून आईने कपाळाला हात लावला. तिच्या डोक्यात माझं लग्न, बारसं, सगळं रांगेत उभं आहे.

मला तिथे ट्यूब पेटली. मी विचारत होते, डाएट की ऑपरेशन? पण ऑपरेशननंतरही डाएट आहेच, आणि ते उरलेलं सगळं आयुष्य. यातून सुटका कुणालाच नाही.

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनंही भारतात आली. माझ्या टीममधला एक जण घेतोय. त्याचं वजन उतरतंय, खिसाही हलका होतोय. बंद केली की बरंचसं वजन परत येतं, असं दिसून आलंय. म्हणजे तिथेही दीर्घ मुदतीचाच मामला.

शनिवारी पहाटे अण्णा म्हणाले, "चल, चांदबिबी महालावर जाऊ." नाव चांदबिबीचं, कबर सलाबतखानाची! पाथर्डी रस्त्यावरचा तो डोंगर मी शाळेत असताना पळत चढायचे. आता चौथ्या वळणावर दगडावर बसले. ६६ वर्षांचे अण्णा न धापता शेजारी उभे राहिले. काही बोलले नाहीत. खाली नगर धुक्यात होतं.

थोड्या वेळाने म्हणाले, "काट्यावर आम्ही प्रत्येक गाडीचं वजन दोनदा करायचो. ऊस भरलेली असताना आणि रिकामी झाल्यावर. एका वजनावर हिशेब कधी होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं एकच वजन झालंय. आणि काट्यावर चिडून काही होत नाही, बाळा. काट्याला लाथा घालणारे लोक पाहिलेत मी. ऊस तेवढाच भरतो."

घरी येऊन मी कागद पुन्हा काढले. माझी खरी भीती कुर्त्याच्या साइझची नाही, ६.५ ची आहे. त्या भीतीवर एक चांगली बातमी आहे. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या लोकांना दोन लक्ष्यं दिली होती. वजन सात टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं. त्यांच्यात डायबेटिस होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. माझ्या ९६ चे सात टक्के म्हणजे जेमतेम सात किलो. सडपातळ होण्यासाठी सात किलो म्हणजे काहीच नाही. साखरेसाठी मात्र खूप आहेत.

म्हणून ठरवलं. सहा महिने द्यायचे. लक्ष्य सात किलो आणि एचबीए१सी. घोरण्यासाठी झोपेची तपासणीही करायची. सहा महिन्यांनी दुसरं वजन. साखर चढलेली असली किंवा काटा हललाच नाही, तर ऑपरेशन. रडत नाही, लपून नाही, आणि 'माझ्याच्याने झालं नाही' असंही म्हणत नाही. सर्जनची तारीख मी आजच घेऊन ठेवलीय.

हे माझं उत्तर आहे, तुमचं नाही. तुमचा डायबेटिस आधीच पक्का असेल, बीएमआय चाळिशीत असेल, गुडघे बोलत असतील, तर 'अजून एक डाएट करून बघतो' म्हणण्यात वर्षं घालवू नका. निर्णय काहीही असो, डॉक्टरांकडे जाताना ही चिठ्ठी खिशात ठेवा:

• मी निकषात बसतो का? भारतीयांसाठी २००९ साली ठरलेली रेषा बीएमआय ३७.५ ची, सोबत आजार असेल तर ३२.५ ची. २०२२ च्या जागतिक सूचनांनी ती आणखी खाली आणलीय.
• इन्शुरन्स पैसे देईल का? विमा नियामकाच्या ठरलेल्या शब्दांत बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात नसलेला डायबेटिस यांपैकी काही. म्हणजे डॉक्टर 'हो' म्हणाले तरी कंपनी 'नाही' म्हणू शकते. माझ्या बाबतीत तसंच आहे.
• स्लीव्ह की बायपास, आणि मला तेच का?
• नंतरची पाच वर्षं माझी तपासणी कोण करणार?

रविवारी आईने डबा दिला. भाकरी दोन, मटकीची उसळ भरपूर, लाडू नाही. "चहात साखर मीपण सोडतेय," एवढंच म्हणाली.

परतीच्या गाडीत पुन्हा एकच सीट रिकामी. या वेळी खिडकीशी एक काका. मी सॉरी नाही म्हटलं.

"काका, जरा सरकता का?"

सरकले की!