डॉक्टरांचा स्वभाव आणि ड्युटीचा तक्ता

शल्यचिकित्सक तापट आणि तडकाफडकी निर्णय घेणारा, बालरोगतज्ज्ञ मृदू, भूलतज्ज्ञ अबोल आणि पडद्याआड राहण्यात समाधान मानणारा, मनोविकारतज्ज्ञ थोडासा तऱ्हेवाईक, अशी एक समजूत वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. थट्टेत बोलल्या जाणाऱ्या या गोष्टींना गेल्या काही दशकांत शास्त्राचे रूप मिळाले. मानसशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या शाखांतील डॉक्टरांपुढे प्रश्नावल्या ठेवल्या. कोण बहिर्मुख, कोण चिंताळू, कोण काटेकोर याची मोजदाद केली. ताणाला कोण सामोरा जातो आणि कोण त्याच्याकडे पाठ फिरवतो हे नोंदवले. आणि या सर्वांचा त्यांच्या मनःस्वास्थ्याशी मेळ घालून पाहिला. काही फरक आढळलेही. स्वभावतः चिंताळू असलेल्या डॉक्टरला कामाचा शीण अधिक जाणवतो, हा निष्कर्ष तर वारंवार निघालेला आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. वाद आहे तो या निष्कर्षाच्या वापराविषयी. ज्याला ताण सोसवत नाही त्याचे मन घट्ट करा, एवढाच बोध त्यातून घेतला, की रुग्णालय चालवणाऱ्याची जबाबदारी तेथेच संपते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या पाहण्यांबाबत पहिली शंका येते ती निवडीची. अमुक स्वभावाचा डॉक्टर अमुक शाखेकडे वळतो, हे म्हणताना शाखा त्याने निवडली असे गृहीत धरलेले असते. भारतात पदव्युत्तर शाखा ठरते ती प्रवेश परीक्षेतील क्रमांकावर, आणि क्रमांक मागे पडल्यास पालकाच्या ऐपतीवर. वरच्या क्रमांकाचे विद्यार्थी रेडिओलॉजी, त्वचारोग आणि मेडिसिन या शाखा आधी उचलतात; खासगी आणि अभिमत महाविद्यालयांत रेडिओलॉजी आणि त्वचारोगाचे शुल्कही सर्वांत चढ्या शाखांत मोडते. उलट शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र यांसारख्या, ज्यांना बाजार नाही अशा शाखांच्या जागा ओस पडतात. त्या भराव्यात म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये पात्रतेचा पर्सेंटाइल शून्यावर आणावा लागला. ज्या देशात मुलाला त्वचारोग हवा असतो आणि वाट्याला प्रसूतिशास्त्र येते, तेथे त्याचा स्वभाव शाखेला जुळतो की नाही हे तपासणे म्हणजे रेशनच्या रांगेत मिळालेल्या धान्यावरून माणसाची आवड ठरवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कामातून येणारी जी पुरती गळाठलेली अवस्था बर्नआउट या नावाने ओळखली जाते, ती कोणत्या शाखेत जास्त आढळते? अमेरिकेत सात हजारांहून अधिक डॉक्टरांची एक पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सर्वाधिक होरपळलेले आढळले ते आपत्कालीन विभागातले, सर्वसाधारण मेडिसिनचे आणि कुटुंबवैद्यकाचे डॉक्टर, म्हणजे ज्यांच्या दारात रुग्ण प्रथम येतो आणि ज्यांना कोणालाही परत पाठवता येत नाही, ते. या शाखांत जगभरची दुबळी माणसे गोळा होतात, असे कोणी म्हणणार नाही. रॉबर्ट करासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्येच, स्वीडन आणि अमेरिकेतील कामगारांच्या आधारे, याचे सूत्र मांडले होते: कामाचा रेटा मोठा आणि कामावरचा स्वतःचा ताबा लहान, अशा जोडीतून माणूस खचतो. हे सूत्र गिरणीतल्या साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला जितके लागू, तितकेच प्रसूतिकक्षात रात्रभर उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरला लागू आहे. त्वचारोगतज्ज्ञाचा दिवस सहसा संध्याकाळी संपतो, कारण त्वचेचा विकार बहुधा सकाळपर्यंत थांबू शकतो. बाळंतपण थांबत नाही.

भारतातील आकडेही याच दिशेला बोट दाखवतात, जरी ते जपून वाचले पाहिजेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने माहितीच्या अधिकाराखाली दिलेल्या तपशिलानुसार पाच वर्षांत एमबीबीएसच्या ६४ आणि पदव्युत्तर वर्गांतील ५५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि १,११७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडले. सोडणाऱ्यांत जनरल सर्जरीचे ११४ आणि स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे १०३ होते. एकेका शाखेत एकूण विद्यार्थी किती, हे या आकड्यांशेजारी दिलेले नाही. काही जण दुसऱ्या चांगल्या जागेसाठीही सोडतात. तरीही ज्या शाखांत रात्र आपली नसते, त्यांची नावे या यादीत ठळक दिसावीत, याचा विचार व्हायलाच हवा. आयोगानेच नेमलेल्या कृतिदलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. पाहणीत भाग घेतलेल्या ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी मनात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचे सांगितले. सुमारे ४५ टक्के आठवड्याला ६० तासांहून अधिक राबत होते. निम्म्याहून अधिकांना साप्ताहिक सुट्टी नियमित मिळत नव्हती. ऑनलाइन पाहणीला उत्तर देणारे सर्वांचे प्रतिनिधी असतातच असे नाही, हे मान्य करूनही हे चित्र झोप उडवणारे आहे.

या तासांचा इतिहास उद्बोधक आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगाराचा आठवडा ४८ तासांचा ठरवला. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेनेही हाच आकडा घेतला: आठवड्याला साधारणपणे ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा अधिक नाही. कामाच्या निकडीनुसार लवचीकता, ही पुस्ती मात्र सोबत जोडली. आणि आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत निकड नाही असा दिवस कॅलेंडरात नसतो. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांत तर आकडाच नाहीसा झाला. उरले ते ‘वाजवी तास’. २०२४ च्या कृतिदलाने पुन्हा आकडा दिला, पण तो ७४ चा: एक दिवस २४ तासांचा, पाच दिवस दहा-दहा तासांचे, एक दिवस सुट्टी. सध्याच्या दुरवस्थेत ही शिफारस सुधारणाच ठरेल, यात शंका नाही. परंतु बत्तीस वर्षांत सरकारी कागदावरचा आठवडा ४८ तासांवरून ७४ तासांवर गेला, याची दखल कामगार चळवळीनेही फारशी घेतली नाही. डॉक्टर म्हणजे मालक वर्गातला, ही चळवळीची जुनी समजूत त्याला कारण असावी. विद्यावेतनावर राबणारा, वसतिगृहाच्या खोलीत दाटीवाटीने राहणारा, शिक्षण सोडायचे तर लाखोंचा दंड भरावा लागणारा हा तरुण कोणत्या अर्थाने मालक आहे? जागा सोडण्याच्या दंडाची अट रद्द करावी, असे आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना सुचवले, ते या दंडाचा मनावर होणारा परिणाम पाहूनच.

एका शाखेचा ताण दुसऱ्या शाखेच्या रिकाम्या जागेतून कसा निर्माण होतो, याचे उदाहरण महाराष्ट्राने मार्च २०१७ मध्ये धुळ्यात पाहिले. अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. रुग्णालयात मेंदूशल्यचिकित्सक नव्हता. रुग्णाला दुसरीकडे न्या, असे सांगणाऱ्या अस्थिरोग विभागाच्या निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी इतके मारले, की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. हल्लेखोरांवर कारवाईसाठी २०१० चा राज्याचा कायदा होता; मेंदूशल्यचिकित्सकाचे पद न भरणाऱ्यावर कारवाईचा कायदा नव्हता. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले आणि त्यांत अनेक नवजात अर्भके होती, तेव्हाही तेच. सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराने तेथे जाऊन प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. औषधांचा पुरवठा, मंजूर पदे आणि खाटांच्या दुप्पट-तिप्पट रुग्ण यांचा हिशेब ज्यांच्याकडे मागायचा, ते मुंबईत होते. आणि हे केवळ इतर पक्षांचे पाप म्हणून सोडून देता येत नाही. अपघात विभागातल्या पंचविशीतल्या मुलीला घेराव घालणे सोपे, अर्थखात्याला घालणे अवघड, हे डाव्या-समाजवादी कार्यकर्त्यांनाही ठाऊक असते, आणि गर्दीत तेही कधीकधी उभे असतात.

व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्यांत जातीचा रकाना नसतो, हेही नोंदवले पाहिजे. मुंबईतील महापालिका रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी यांनी मे २०१९ मध्ये जीवन संपवले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि तो न्यायालयापुढे आहे. त्यांच्या आईने रोहित वेमुलाच्या आईसमवेत सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. जेथे वरिष्ठाचा शब्द हाच कायदा असतो, शस्त्रक्रिया शिकायला मिळणे वा न मिळणे त्याच्या मर्जीवर असते, तेथे आदिवासी वा दलित विद्यार्थ्याला ताणाशी जुळवून घेण्याचे तंत्र शिकवणे म्हणजे अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकवणे होय. स्त्रियांबाबत वेगळे सांगायला नको. कोलकात्यात ९ ऑगस्ट २०२४ रोजी ज्या पदव्युत्तर विद्यार्थिनीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, ती प्रदीर्घ ड्युटीत विश्रांतीसाठी सेमिनार हॉलमध्ये गेली होती.

योग, ध्यान, समुपदेशन यांची टवाळी करण्याचे कारण नाही. २०२२ मध्ये आयोगाने एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी योगाचा कार्यक्रम सुचवला, त्याच वर्षी केंद्र सरकारने टेलिमानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. मध्यरात्री कोणाशी तरी बोलता आल्याने एखादा जीव वाचत असेल तर ती सेवा हवीच. मात्र योगशिक्षकाचा खर्च एका दिवसाचा असतो आणि भरलेल्या पदाचा पगार तीस वर्षांचा. कोणते सरकार कोणता उपाय आधी निवडेल, हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते; २०२१-२२ मध्ये, कोविडच्या वर्षांतही, तो १.८४ टक्के होता.

तास कमी केले तर शिक्षण अपुरे राहील आणि रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जाताना चुका वाढतील, हा जुन्या प्राध्यापक मंडळींचा आक्षेप खरा प्रश्न उपस्थित करतो. अमेरिकेतील शल्यचिकित्सा विभागांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगात (२०१६) सलग ड्युटीची मर्यादा सैल ठेवल्याने रुग्णांचे नुकसान वाढलेले आढळले नाही, हे त्यांच्या बाजूचे प्रमाण आहे. मात्र तो प्रयोग आठवड्याच्या ८० तासांच्या मर्यादेच्या आत झाला होता, आणि ती मर्यादा तेथे नियम म्हणून २००३ पासून पाळावी लागते. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी थकलेल्या निवासी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दगावली. तिच्या बापाने लावून धरलेल्या लढ्यातून तेथे तासांचा प्रश्न उभा राहिला. युरोपात ही वाट कामगार संघटनेने खुली केली. स्पेनमधील डॉक्टरांच्या संघटनेच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने २००० साली निर्णय दिला, की आरोग्य केंद्रात हजर राहून घालवलेला ‘ऑन कॉल’ वेळ हा कामाचाच वेळ होय, मग त्यात डॉक्टर पडून का असेना.

महाराष्ट्रात निवासी डॉक्टरांची मार्ड ही संघटना आहे. विद्यावेतन आणि वसतिगृहे यांसाठी तिने संप केले, आणि संपाच्या दिवसांत गरीब रुग्णांचे हाल झाले म्हणून तिच्यावर टीकाही झाली. रुग्णांच्या संघटनांनी आणि कामगार संघटनांनी तिच्याबरोबर बसून संयुक्त मागण्या ठरवल्या, तर हा संघर्ष गरीब विरुद्ध डॉक्टर असा रंगवता येणार नाही. पहिली मागणी साधी असू शकते: प्रत्येक शासकीय व महापालिका रुग्णालयात, विभागवार, मंजूर पदे किती, भरलेली किती आणि या आठवड्यात कोणाची सलग ड्युटी किती तासांची, याचा तक्ता अपघात विभागाच्या दारावर लावावा. महापालिकेतील आणि जिल्हा परिषदेतील साथींना अर्थसंकल्पी चर्चेपूर्वी तो मागवता येईल. मिळाला नाही तर माहितीचा अधिकार आहेच.