ट्रेक झाला का?



कोजागरीच्या कार्यक्रमात मसाला दुधाचा पेला हातात घेऊन किमान दहा जणांनी मला विचारलं, "काय, झाला का हिमालयातला ट्रेक?" मी दहाही जणांना हसून सांगितलं, "झाला की!" ते खरं नव्हतं. आज या सदरातून खरं काय ते सांगून टाकते.

हिमाचलच्या लाहौल-स्पीतीत कुंझुम खिंडीजवळ चंद्रताल नावाचं सरोवर आहे, सुमारे 4,300 मीटर उंचीवर. तिथून चंद्रा नदी डाव्या हाताला ठेवून उत्तरेकडे तीन दिवस चालत गेलं की बारालाचा खिंड येते. तिची उंची साधारण 4,890 मीटर. या खिंडीच्या परिसरात चंद्रा आणि भागा या दोन नद्या उगम पावतात. दोघी वेगवेगळ्या दिशांना जातात, मोठा वळसा घेतात आणि तांदी नावाच्या गावी एकमेकींना भेटतात. तिथून पुढे त्यांचं नाव चंद्रभागा! तीच पुढे चिनाब होते. माझी आई दर वर्षी पंढरपूरला जायची. तिच्या चंद्रभागेची ही हिमालयातली मैत्रीण बघायचीच, असं मनाने घेतलं. लेक-जावई जाणारच होते, मी त्यांच्या मागे लागले. वय वर्षं 58.

तारनाक्यात राहून हिमालयाची तयारी कशी करणार? रोज पहाटे उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात चालायला जायचं. रविवारी मौलाअलीच्या पायऱ्या. संध्याकाळी पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन आमच्या इमारतीचे पाच मजले चढायचे. वॉचमन काळजीने विचारायचा, "अम्मा, लिफ्ट खराब है क्या?" तीन महिन्यांत दम लागायचा थांबला. मला वाटलं, झाली तयारी.

इथेच माझी चूक झाली. जिने चढून पाय आणि छाती तयार होतात, उंचीची सवय मात्र उंचावर राहूनच होते. आपलं हैदराबाद जेमतेम साडेपाचशे मीटरवर. चंद्रतालला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. इथून नेलेलं चिवड्याचं बंद पाकीट तिथे उशीसारखं टम्म फुगलं होतं. आम्ही हसून त्याचे फोटो काढले. हवेत काय फरक पडलाय ते पाकीट सांगत होतं, आम्ही ऐकलं नाही.

नियम साधा आहे. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज 500 मीटरहून जास्त उंच नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. आमचा कार्यक्रम तसाच आखला होता. पण वाटेत दरड कोसळली, दोन दिवस वाया गेले आणि जावयाची रजा मोजकी. मग मनालीहून, म्हणजे 2,050 मीटरवरून, अटल बोगद्यातून एका दिवसात थेट चंद्रतालच्या तंबूत! गाईडने मध्ये एक मुक्काम करायला सुचवलं होतं. "आम्ही सगळे ठणठणीत आहोत," असं आम्हीच म्हणालो, आणि सगळ्यांत मोठ्याने मी म्हणाले.

त्याच रात्री डोकं ठणकायला लागलं. मी गुपचूप गोळी घेतली. सकाळी गाईडने प्रत्येकाला विचारलं, "सिरदर्द? उल्टी? नींद?" मी म्हटलं, "कुछ नहीं." मुलांची रजा, भरलेले पैसे, 'आईला कशाला आणलं' असं कुणाच्या मनात यायला नको... कारणं बरीच होती. तुमच्याही घरी ती ओळखीची असतील.

त्या दिवशी टोक्पो योंगमा नावाच्या ओढ्यापर्यंत चालायचं होतं. वाट फार खडी नाही, पण दगडधोंड्यांची. उजवीकडे हिमनद्या, डावीकडे खोलवर राखाडी चंद्रा, झाड औषधालाही नाही. दुपारी ओढ्याशी पोचलो आणि त्याचा आवाज ऐकून पोटात गोळा आला. पाण्याखाली दगड गडगडत होते. बर्फ दिवसा वितळतो, त्यामुळे असे ओढे दुपारनंतर फुगतात आणि पहाटे ओसरतात. म्हणून रात्री अलीकडे राहायचं आणि भल्या पहाटे, पाणी कमी असताना, एकमेकांचे हात धरून पार व्हायचं.

रात्री मला दोनदा उलटी झाली. पहाटे बुटाची नाडी बांधता येईना. लेकीने टॉर्चच्या उजेडात पाहिलं आणि तडक गाईडला बोलावलं. त्याने वाळूत काठीने एक रेघ ओढली आणि टाचेला अंगठा लावत तिच्यावरून चालायला सांगितलं. तिसऱ्याच पावलाला मी कलंडले. तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण असू शकते, आणि त्यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं.

मी तरीही म्हटलं, "आज का दिन देखते हैं." तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आंटीजी, पानी पार करने के बाद मैं आपको आज वापस नहीं ला पाऊँगा."

या वाटेची खरी अवघड बाजू तेव्हा मला कळली. एरवी खिंड ओलांडली की उतार लागतो. इथे दोन खिंडींच्या मधला सगळा भागच चार हजार मीटरच्या वर आहे. पुढे गेलं तर चढच, आणि मागचा ओढा दुपारी दार लावून घेतो.

गाईडच्या मदतनिसाने प्राणवायूचा छोटा सिलिंडर लावला आणि खेचरावर बसवलं. लेक माझ्याबरोबर मागे फिरली. जावईही निघाले होते, त्यांना मीच पुढे जायला लावलं. वाटभर लेक एक शब्द बोलली नाही. चंद्रतालहून जीप. बातल गेलं, छत्रू गेलं, डोकं हलकं होत गेलं आणि कोकसरला मी चक्क डाळभात मागितला. तेव्हा ती रडली. म्हणाली, "आई, तू मला सांगितलं का नाहीस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मनालीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि वेळेवर उतरलात म्हणाले.

दोन दिवसांनी डॉक्टरांना विचारून आम्ही दोघी तांदीला गेलो. जावई बारालाचा पार करून केलाँगहून तिथे आले. आम्ही चंद्रेच्या काठाने उतरलो होतो, ते भागेच्या. संगमावर ते म्हणाले, "आई, तुम्ही ओढ्यावर परत फिरलात ना, त्या रात्री मला पहिल्यांदा शांत झोप लागली." संगमाचं पाणी मी बाटलीत भरून आणलंय. देवघरात आईच्या फोटोशेजारी ठेवलंय.

तर मंडळी, ट्रेक झाला नाही. बारालाचा मी पाहिलेलाच नाही. तुमच्यापैकी कुणी जाणार असाल तर जरूर जा, पण वाटेत मुक्काम करत जा आणि डोकं दुखलं तर पहिल्या रात्रीच सांगा. इतरांची वाट अडेल म्हणून लपवलेलं दुखणं शेवटी सगळ्यांचीच वाट अडवतं.

काल लेकीचा फोन आला. "कशी आहेस?" जिभेवर "मजेत" आलंच होतं. मग म्हटलं, "डावा गुडघा चार दिवस दुखतोय गं." उद्याची डॉक्टरांची वेळ तिनेच घेतली आहे.