पुण्याचे सांडपाणी, उजनीचा काठ आणि सोलापूरची तहान

शहर पर्यावरणपूरक झाले, हे ओळखायचे कशावरून? बागा, सायकल ट्रॅक, इलेक्ट्रिक बस या गोष्टी चांगल्याच आहेत. पण आमच्या मते खरी परीक्षा हद्दीबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची ही परीक्षा उजनीच्या काठावर होते.

मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांचे पाणी शेवटी भीमेतून उजनीत येते. प्रक्रिया न झालेले सांडपाणीही त्याच वाटेने येते. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते, पण त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत आहे. दुष्काळात धरण उणे पातळीत गेले की तळाच्या पाण्यावरच भागवावे लागते. करमाळा-माढ्याच्या गावांनी धरणासाठी जमिनी दिल्या. आज त्यांच्या वाट्याला हिरवट पाणी आणि जलपर्णी आली, आणि मासेमारांच्या जाळ्यात रोहू-कटल्यापेक्षा चिलापीच जास्त येते.

पुण्यासाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ शुद्धीकरण केंद्रे २०१६ मध्येच मंजूर झाली. त्यांची क्षमता रोज ३९६ दशलक्ष लिटर. काम मात्र वर्षानुवर्षे रखडले. तिकडचा प्रत्येक उशीर इकडच्या हंड्यात उतरतो.

पण फक्त पुण्याकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. सोलापूरजवळचा एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प उजनीचेच पाणी घेतो. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणानुसार, महापालिकेच्या सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक प्रकल्पांनी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरायचे आहे. नागपूरने हे करून दाखवले. भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज प्रकल्पाला जाते आणि तेवढे धरणाचे पाणी वाचते.

हिशोब साधा आहे. कारखान्याला, बांधकामाला, बागेला शुद्ध केलेले सांडपाणी द्या, धरणाचे पाणी माणसाला आणि शेताला राहू द्या. आपल्या मशिदीतले वुजूचे पाणीही गटारीऐवजी झाडांना वळवता येईल. त्याने उजनी भरणार नाही, हे खरे. पण नगरसेवक मत मागायला दारात आला, की गटार आणि रस्त्याबरोबर त्याला एवढेही विचारा : आमच्या वॉर्डातले सांडपाणी पुढे जाते कुठे, आणि ते कोण पिते?