गोरेगाव, पण फिल्मसिटीवालं नव्हे

"तुझं गोरेगाव ईस्ट की वेस्ट?" पुण्यात नोकरीला लागल्यापासून हा प्रश्न मी शंभरदा तरी ऐकला असेल. एकदम ईस्ट हो! इतकं ईस्ट, की अजून थोडं पुढे गेलात तर छत्तीसगड. गोंदिया जिल्ह्यातला गोरेगाव तालुका. धान, तलाव आणि शेजारी नागझिरा.

नागझिरा म्हटलं की मंडळी जागी होतात. "वाघ दिसतो का रे?" दिसतो की. पण सारसाबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही. लाल डोक्याचा, जवळजवळ माणसाएवढा पक्षी. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यांत उंच. महाराष्ट्रात तो जवळपास आमच्याच जिल्ह्यात उरलाय, वैनगंगेच्या आणि बाघ नदीच्या पट्ट्यात. गेल्या काही वर्षांच्या मोजणीत जिल्ह्यात पन्नासही भरत नाहीत. एवढी माणसं आमच्या कंपनीच्या एका बसमध्ये मावतात.

गोची अशी, की सारस अभयारण्यात राहत नाही. तो राहतो शेतकऱ्याच्या बांधीत. पावसाळ्यात उभ्या पाण्यात घरटं, एक-दोन अंडी, महिनाभर उबवणं. नेमकी तेव्हाच शेतात निंदण आणि फवारणी. माझ्या मामाने एका वर्षी घरट्याभोवतीचा धान तसाच सोडला. मामी आठवडाभर बोलत होती. नुकसान तिला दिसत होतं, आणि ते भरून द्यायला कोणी आलं नाही.

आले ते जनजागृतीवाले. बॅनर, भाषण, चहा-बिस्कीट. म्हणजे सर्व्हर पडलाय आणि आपण युझर ट्रेनिंग घेतोय! अरे, मामाला सारस तुमच्या आधीपासून माहीत आहे. पक्षी मरतात विजेच्या तारांना धडकून, कीटकनाशकांनी. मामा तलाव (हे माझ्या मामाचे नव्हेत, माजी मालगुजारी तलाव) गाळाने आणि बेशरमाने भरतात, मग चरायला जागा राहत नाही. 2021 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. तारांचा विषय तिथेही निघाला. एवढ्या पक्ष्यांसाठी न्यायाधीशांना उठावं लागतं, यातच सगळं आलं.

माझं म्हणणं सरळ आहे. घरटं राखणाऱ्या शेतकऱ्याला त्या तुकड्याच्या पिकाचे पैसे द्या, त्याच हंगामात. सारसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच्या तारा जमिनीखाली घाला. भाषणं नंतर.

हे लंचला बोललो तर एक मित्र म्हणाला, "पैसे दिले तर लोक खोटी घरटी दाखवतील."

मी विचारलं, "तू राहतोस स्वतःच्या फ्लॅटमध्ये. मग दर जानेवारीत एचआरला भाड्याच्या पावत्या कुठल्या देतोस?"

त्या दिवशी चहाचे पैसे त्याने दिले.